टेकडीवरच्या माईचं पाणी

माझ्याकडे येणारी निम्मी माणसं आधीच ठरवून आलेली असतात. त्यांना सल्ला नको असतो, सही हवी असते. जयपूरच्या राजा पार्क भागातल्या एका मिठाईवाल्याला दुकानाच्या मधोमधला खांब नको होता, कारण गल्ल्यावर बसलं की जिलबीची कढई दिसत नव्हती. "मॅडमजी, एकच तर खांब आहे," तो म्हणाला. वर तीन मजले होते. आमेरच्या एका गेस्टहाउसवाल्याने तर नव्या कोऱ्या भिंतीला भेगा पाडून मागितल्या. परदेशी पाहुण्यांना जुनं आवडतं म्हणून. दोघांनाही मी चहा पाजून परत पाठवलं.

जुन्या इमारतींची दुरुस्ती हा माझा धंदा. माहेर साताऱ्याकडचं, एका गडाच्या पायथ्याचं. नवरा फौजेत होता, त्याची शेवटची बदली जयपूरला झाली, आणि आम्ही इथेच राहिलो. मुलगी इथेच वाढली. ती म्हणते, "आई, तू मतलब माणसांपेक्षा भिंतींशीच जास्त बोलतेस." खरं आहे. भिंत खोटं बोलत नाही, फक्त हळू बोलते.

बाहेरच्या माणसाला या कामातलं एवढंच कळलं तरी पुरे, की भेग दोन प्रकारची असते. एक मेलेली, एक जिवंत. मेलेली भेग कधीतरी पडली आणि थांबली. ती बुजवली की संपलं. जिवंत भेग अजून सरकत असते. ओळखायचं कसं? भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना घट्ट चिकटवायची आणि वाट पाहायची. भिंत केसभर हलली तरी काच तडकते.

एका उन्हाळ्यात तुस्कानो साहेबांचा फोन आला. ते मूळचे वसईचे. जयपुरात बांधकामाच्या धंद्यात त्यांचं आयुष्य गेलं, आता निवृत्त होऊन ते चर्चच्या समितीचे अध्यक्ष झाले होते. मराठी बोलायची हुक्की आली की ते मला फोन करायचे. या वेळी मात्र काम होतं.

"जाधवबाई, टेकडीवरचं चॅपल पाडायचंय. भिंतीला मोठी चीर गेलीय. धोकादायक आहे, एवढंच लिहून द्या."

"बघितल्याशिवाय?"

"बघा की. पण चढण आहे हां."

बस्सी गाव मागे टाकून आग्रा रस्त्यावरून आत वळलं की उघड्या खडकाची एक टेकडी लागते. तिच्या माथ्यावर हे चॅपल, म्हणजे लहानसं प्रार्थनाघर. चार दगडी भिंती, वर छत्रीसारखा घुमट, घुमटावर क्रूस, आत मरियामातेची हातभर उंचीची मूर्ती. एरवी तिथे शेळ्यांशिवाय कोणी नसतं. पण दर जानेवारीत एका रविवारी यात्रा भरते. जयपूरच्या इस्पितळांतल्या केरळी नर्सेस येतात, दक्षिणेकडून भिल्ल कुटुंबं बसने येतात, छावणीतली फौजी कुटुंबं येतात. आणि खालच्या गावातली माणसं चढतात, जी ख्रिस्ती नाहीत. त्यांच्यासाठी ती 'पहाडीवाली माई'.

मी पहिल्यांदा वर गेले तेव्हा तुस्कानो आणि फादर मायकल बरोबर होते. फादर तरुण, बांसवाड्याकडचे, बोलायला मऊ. चॅपलची मागची भिंत त्यांनी दाखवली. तिच्या एका कोपऱ्यापासून वर घुमटापर्यंत भेग गेली होती. खाली बोट जाईल एवढी, वर पंजा जाईल एवढी.

"हे गावच्या बायकांमुळे," तुस्कानो म्हणाले. "यात्रेला प्रत्येक बाई लोटाभर पाणी घेऊन येते आणि या भिंतीच्या मुळाशी ओतते. वर्षानुवर्षं. पाया भिजून गेला. यंदा आम्ही दोर बांधून त्यांना अडवलं."

"मग?"

फादर म्हणाले, "मग गाव रागावलं. चॅपलची किल्ली गावातल्या धापूबाईंच्या घरी असायची, त्यांच्या आजीपासून. त्यांनी ती माझ्या हातात आणून ठेवली आणि खाली उतरल्या."

तुस्कानोंची योजना तयार होती. जुनं चॅपल पाडून तिथे सिमेंटचा मोठा हॉल, यात्रेकरूंना बसायला सावली, आणि हॉलला त्यांच्या दिवंगत पत्नीचं, मारियाबाईंचं नाव. हेतू वाईट नव्हता. चॅपलच्या मागे काही वर्षांपूर्वी त्यांनी बायकोच्या आठवणीसाठी सिमेंटची पक्की फरसबंदी करून दिली होती. तिच्यात मारियाबाईंच्या नावाचा संगमरवरी दगड बसवलेला होता. मी बघत असताना त्यांनी रुमालाने त्याच्यावरची धूळ पुसली.

मी भिंतीच्या मुळाशी हात लावला. ओल होती.

मे महिना होता. खडकावर उघडा हात ठेवता येत नव्हता. शेवटची यात्रा जानेवारीत झाली होती, आणि त्या वेळी तर कोणाला पाणी ओतूच दिलं नव्हतं. मग ही ओल कुठली? अशा उन्हात लोटाभर पाणी खाली पडेपर्यंत सुकतं. मी उठून टेकडीच्या माथ्याकडे पाहिलं आणि मला माझं माहेर आठवलं. वरच्या कातळात एक उथळ पन्हळ कोरलेली होती, मातीने भरलेली, पण सरळ चॅपलकडे येणारी. आमच्या गडावर अशा पन्हळी लहानपणापासून पाहिल्या होत्या. पन्हळ असली की तिच्या टोकाला टाकं असतं, पावसाचं पाणी साठवायचं.

"साहेब, मी सही करत नाही," मी म्हटलं. "मला आतली जमीन उघडायची आहे."

"कशाला?"

"चॅपलखाली पाणी आहे असं मला वाटतं."

तुस्कानो हसले. फादर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "गावातले म्हणतात, माईच्या पायाखाली पाणी आहे. मला वाटायचं, भक्तीने म्हणतात."

आमचे उस्ताद रफीक, दगड आणि चुना दोन्हीत हात बसलेले, दुसऱ्याच दिवशी माणसं घेऊन वर आले. वेदीच्या मागची फरशी मी हातोडीने ठोकत गेले. पुढे बद्द आवाज येत होता, मागच्या भागात पोकळ. उस्तादांनी दगडाची एक लांब पट्टी पहारेने उचलली, आणि भर दुपारी आमच्या तोंडावर थंडगार हवा आली. बॅटरीचा उजेड टाकला तर खाली काळं, स्वच्छ पाणी.

टाकं चांगलं ऐसपैस होतं. अर्धं कातळात खोदलेलं, अर्धं चुन्यात बांधलेलं. आणि एकदा ते दिसल्यावर त्या जागेचा सगळा इतिहास मला भिंतींवरून वाचता आला. टाक्याच्या काठाचा गिलावा सगळ्यात जुना. चॅपलच्या भिंती त्या काठावर नंतर चढवलेल्या, वेगळ्या खाणीच्या दगडाच्या. त्यांच्यात खिडक्या आधी नव्हत्याच, मागाहून फोडलेल्या. खिडक्या नसलेली खोली माणसांसाठी बांधत नाहीत. ती पाण्यावरची सावली होती, ऊन आणि गुरं लागू नयेत म्हणून. घुमट आणि क्रूस त्यानंतरचे. म्हणजे आधी पाणी, मग छप्पर, मग देव. फादरांना वाटत होतं की कोण्या परदेशी मिशनऱ्याने उंच जागा पाहून देऊळ बांधलं आणि लोक यायला लागले. घडलं होतं ते उलट.

पण हे कोणी केलं, का केलं, ते भिंती सांगत नाहीत. त्यासाठी मी खाली गावात धापूबाईंकडे गेले.

धापूबाई ऐंशीच्या घरातल्या. बाजेवर बसून शेंगा सोलत होत्या. मी चॅपलकडून आलेय म्हटल्यावर त्यांनी मान फिरवली. मी म्हटलं, "बाईसा, टाकं सापडलं." शेंग हातातच राहिली.

"पाणी आहे?"

"आहे. थंड आहे."

मग त्या बोलल्या. त्यांची आजी गुलाब, या गावची सून. मोठ्या दुष्काळात गुरं मेली, माणसं रस्त्याला लागली. तेव्हा एक गोरा फादर आला आणि म्हणाला, टेकडीवर टाकं खोदा, खोदणाऱ्याला धान्य देतो. गावाने खोदलं. गुलाब पाठीला पोर बांधून दगड वाहायची. फादरने कामावरच्या लोकांसाठी कपारीत माईची तसबीर ठेवली होती. दमलं की बायका तिच्यासमोर बसायच्या. पुढच्या वर्षी पाऊस झाला, टाकं भरलं, आणि त्याच्या पुढच्या कोरड्या वर्षात त्या पाण्यावर गाव जगलं. ज्याने त्याने नेलं ते मोजूनमापून. मग चांगले दिवस आल्यावर प्रत्येक घराने लोटा लोटा पाणी वर नेऊन टाक्याच्या तोंडात ओतलं.

"माई को पाणी छै," धापूबाई म्हणाल्या. "पाछो देणो पडै." माईचं पाणी आहे, परत द्यावं लागतं. पुढे गावात विहिरी झाल्या, नळ आला, टाक्यावर फरशी पडली, ते विसरलं गेलं. लोटा तेवढा राहिला. ज्या ठिकाणी बायका तो ओतत, तिथेच टाक्याचं जुनं तोंड होतं.

आता भेगेचं कारण उरलं होतं, आणि ते मला आदल्याच दिवशी कळलं होतं. टाकं भरलं की जादा पाणी बाहेर पडायला मागच्या भिंतीखालून सांडवा काढलेला होता. शंभरेक वर्षं तो आपलं काम करत राहिला. मग त्याच्यावर सिमेंटची फरसबंदी झाली आणि त्याचं तोंड बंद झालं. तेव्हापासून दर पावसाळ्यात पाणी टाक्यात कोंडायचं, वाट मिळेल तिथे भिंतीच्या पोटात शिरायचं, आणि पायाच्या दगडांमधला चुना धुऊन न्यायचं. कोपरा खचला, भिंत फाटली.

गावच्या बायकांचा दोष नव्हता. दोष त्या फरसबंदीचा होता, जिच्यात मारियाबाईंचं नाव होतं.

मी तुस्कानोंना एकट्यांना वर बोलावलं. हे मराठीत सांगता येणार होतं, ते एक बरं झालं. फरसबंदीच्या कडेला बसून मी त्यांना सगळं समजावलं. ते बांधकामातले, दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ते त्या दगडाकडे वळले.

"तिला इथली हवा आवडायची," ते म्हणाले. "म्हणून केलं मी ते."

"माहीत आहे मला."

"तुम्ही हे समितीपुढे सांगणार?"

"सांगायला लागेल साहेब. आपण गावाला दोष दिलाय. दोर बांधलाय."

त्यांनी रुमाल काढला, घडी मोडली, परत घातली. "मग तुम्ही नका सांगू. मी सांगतो."

त्यांनी नुसतं समितीला सांगितलं नाही. पुढच्या रविवारी ते फादरांबरोबर गावात गेले, धापूबाईंच्या अंगणात उभे राहिले आणि हिंदीत म्हणाले, "भिंत माझ्यामुळे फाटली. तुमच्यामुळे नाही. मी तुम्हाला अडवलं, ते चुकलं." अंगणात पंचवीसेक माणसं असतील. धापूबाईंनी सुनेला सांगितलं, "साहेबांना बसायला दे." बाज आली, ताक आलं. फादरांनी खिशातून किल्ली काढून बाजेवर ठेवली. धापूबाईंनी ती लगेच उचलली नाही. ताक पिऊन होईपर्यंत ती तिथेच पडून होती. मग सहज उचलावी तशी त्यांनी ती ओढणीच्या टोकाला बांधली.

हॉलचा विचार मागे पडला. पण समितीतल्या इतरांचं म्हणणं होतं की निदान टाकं तरी काँक्रीटने भरून टाका, कटकट नको. सोपा उपाय होता, आणि मी तो केला असता तर कोणी नाव ठेवलं नसतं. मी म्हटलं, "टाकं बुजवलं की वरच्या कातळाचं पाणी थांबणार नाही. ते दुसरी वाट शोधेल. ज्यांनी हे बांधलं त्यांना पाणी कळत होतं. त्यांचंच काम दुरुस्त करू." तुस्कानो म्हणाले, "बाई म्हणतात तसं." विषय संपला.

काम चुन्यातच केलं. लोक विचारतात, सिमेंट पक्कं असताना चुना कशाला? सिमेंट पक्कं असतं हीच अडचण. जुनी भिंत थोडी हलते, ओल घेते, ओल सोडते. चुना तिच्याबरोबर जातो, सिमेंट अडून बसतं आणि शेवटी दगडच फोडतं. टाक्यातलं पाणी उपसून आम्ही त्यातच चुना भिजवला. विटांची पूड, गूळ, मेथीचं पाणी, ही इकडची जुनी रीत. पायाखालची पोकळी भरली, भेगेच्या आरपार लांब दगड टाकून भिंतीचे दोन तुकडे शिवल्यासारखे जोडले, सांडवा मोकळा केला.

त्यासाठी फरसबंदी फोडावी लागली. मारियाबाईंचा दगड अखंड निघावा म्हणून उस्तादांनी स्वतः छिन्नी धरली. पण सिमेंटने तो असा पकडला होता की उचलताना मधोमध तडकला. तुस्कानो तिथेच होते. उस्ताद हात जोडून उभे राहिले. तुस्कानो म्हणाले, "राहू दे. ती असती तर हसली असती." दोन्ही तुकडे त्यांनी गाडीत घालून घरी नेले. इतकी वर्षं मोडकी कामं सांधत आले, पण तो दगड मला अखंड देता आला नाही, याची चुटपुट अजून आहे.

पावसाच्या आधी परीक्षा घ्यायची होती. टाकं भरल्यावर भिंत तग धरते की नाही, हे पावसावर सोडणं मला मान्य नव्हतं. पण टँकर टेकडीवर चढत नाही. तुस्कानोंनी टँकर पायथ्याशी आणवले आणि पंप शोधायला लागले. धापूबाईंनी निरोप पाठवला : पंप कशाला, माणसं आहेत.

सकाळी मी वर उभी होते आणि खालून माणसांची रांग चढत आली. घागरी, बादल्या, तेलाचे डबे. गावच्या बायका, शहरातून बसने आलेली चर्चची माणसं, सुट्टीच्या दिवशी आलेल्या नर्सेस, छावणीतले चार जवान, त्यातला एक तर कोल्हापूरचा निघाला. पुढे पुढे रांग चालायची थांबली आणि भांडी तेवढी हातोहात वर यायला लागली. शेवटची घागर फादर मायकल घेत आणि टाक्यात रिकामी करत. कोणी भजन म्हणत होतं, कोणी माईचं गाणं. दोन्ही एकदमच चालू होतं आणि त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं.

मी भेगेवरच्या काचांपाशी उभी. तीन काचा लावल्या होत्या. पाणी अर्ध्यावर आलं, काचा शाबूत. आणखी चढलं, शाबूत. तुस्कानो माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. पाणी जुन्या सांडव्याच्या खाली हातभर राहिलं असेल, तेवढ्यात अगदी बारीक आवाज झाला. खालची काच तडकली होती.

"थांबवा," मी ओरडले.

घागरी जिथल्या तिथे थांबल्या. सगळे माझ्याकडे बघत होते. मी भिंगातून भेग पाहिली, ओळंबा लावला, टाक्यात उतरून सांधा चाचपला. पुन्हा नवी काच लावली आणि पाणी तेवढ्यावरच ठेवून वाट पाहिली. भर दुपारपर्यंत माणसं सावली शोधून बसून राहिली, कोणीही घरी गेलं नाही. नवी काच तशीच राहिली. भिंतीने आपली जागा घेतली होती. पण एवढंच, याच्यावर नको, असंही तिने सांगितलं होतं.

"साहेब," मी म्हटलं, "भिंत टिकेल. टाकं मात्र काठोकाठ भरता येणार नाही. सांडवा हातभर खाली घ्यायचा. जादा पाणी बाहेर जाईल."

"नक्की?"

"नक्की. हे मी लिहून देते."

खाली घेतलेल्या सांडव्यासमोर उस्तादांनी एक दगडी कुंड बसवलं, म्हणजे बाहेर पडणारं पाणी शेळ्यांना तरी मिळेल. त्यानंतर काही पावसाळे गेलेत. मी दर वर्षी वर जाऊन बघते. भेग मेली आहे. पूर्ण भरलेलं टाकं पाहायला मिळालं असतं तर बरं वाटलं असतं. पण ज्या कामात मर्यादा सांगायची हिंमत नसते ते काम टिकत नाही, असं माझं मत आहे.

पुढच्या यात्रेआधी फादरांनी ठरवलं की चॅपलचा इतिहास दगडावर कोरून दाराशी लावायचा. त्यांनी मजकूर लिहायला घेतला आणि पहिल्याच ओळीशी अडले. कोणी बांधलं? गोऱ्या फादरचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "मॅडम, इंजिनिअर म्हणून तुम्ही काय म्हणाल?"

मी म्हटलं, "दगडावरून नावं कळत नाहीत फादर. पण ज्यांना माहीत आहे त्या किल्ली बांधून फिरतात, त्यांना विचारा."

मग मजकूर असा झाला : हे टाकं दुष्काळात या गावच्या बायकापुरुषांनी खोदलं. त्याच्यावर छप्पर झालं, आणि छपराखाली प्रार्थना. खोदणाऱ्यांपैकी एकीचंच नाव आज सांगता येतं. गुलाब.

समितीत एकाने विचारलं, ख्रिस्ती नसलेल्या बाईचं एकटीचं नाव चर्चच्या दारावर कसं? फादर काही म्हणायच्या आत तुस्कानो म्हणाले, "टाक्याचे दगड तिने वाहिलेत." एवढंच.

दगड बसवला त्या दिवशी धापूबाई वर आल्या, दोन नाती हाताला धरून. त्यांना वाचता येत नव्हतं. मी ओळी वाचून दाखवल्या. त्यांनी बोट पुढे केलं आणि विचारलं, यात गुलाब कुठली? मी त्यांचं बोट धरून त्या तीन अक्षरांवर ठेवलं. त्यांनी ती चाचपली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इतरो सो?"

एवढंसंच?

कोरलेलं अक्षर नंतर मोठं करता येत नाही. शेजारच्या ओळी आड येतात. तुस्कानोंनी उस्तादांकडे पाहिलं. उस्तादांनी दगडावर हात फिरवला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "मोठं नाही होणार, माँजी. खोल होईल."

आणि त्यांनी पिशवीतून छिन्नी काढली.